कुलूप लावलं, पण किल्ली कुठे ठेवली?

मी चंद्रपूरचा, आणि पोट भरतो कोडिंगवर. म्हणून आज वाघ आणि पासवर्ड, दोघांबद्दल बोलू.

जुलै २०१३. मध्य प्रदेशातल्या पन्नाच्या एका वाघाला त्याच वर्षी जीपीएस कॉलर लावली होती. तो कुठे फिरतोय ही माहिती डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेतल्या एका शास्त्रज्ञाच्या ईमेलवर यायची. त्या खात्यात कुणीतरी घुसायला बघितलं, तेही पुण्यातून! सर्व्हरने अडवलं. आणि घुसला असता तरी त्याला नुसते अगम्य आकडे दिसले असते, कारण माहिती सांकेतिक होती.

आपल्या ताडोब्याचं, गडचिरोलीच्या जंगलाचं तेच आहे. वाघाचा ठावठिकाणा फुटला की शिकाऱ्याची पायपीट वाचली.

आता समजा, एका लॅपटॉपवरचा प्रोग्राम असा डेटा रोज सर्व्हरवरून आणतो. त्याला पासवर्ड लागतो. तो आपण फाइलमध्ये एन्क्रिप्ट करून ठेवतो. आणि किल्ली? शेजारच्याच फाइलमध्ये! म्हणजे दाराला कुलूप आणि किल्ली पायपुसण्याखाली. खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मीही हेच करायचो.

यावर उपाय म्हणजे टीपीएम. विंडोज ११ साठी टीपीएम २.० लागतंच, त्यामुळे गेल्या काही वर्षांतल्या बहुतेक लॅपटॉपमध्ये ते असतं. कधी वेगळी चिप, कधी प्रोसेसरच्याच आत. याची मुख्य किल्ली कधी बाहेर येत नाही. पासवर्डची फाइल त्याच चिपच्या मदतीने उघडते. हार्ड डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली, तर हाती कचरा. लिनक्सवर हे काम ‘सिस्टमडी-क्रेड्स’ करतं, आवृत्ती २५० पासून.

पण अख्खा लॅपटॉपच चोरला तर? चिपला सांगून ठेवता येतं, की मशीन ठरलेल्या पद्धतीनेच सुरू झालं असेल तर उघड. सोबत पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करा, पिन लावा. आणि सर्व्हरवरचा पासवर्ड त्याच दिवशी बदला.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. चालू मशीनवर कुणाला ॲडमिनचा ताबा मिळाला, तर चिप त्यालाही उघडून देईल. आणि पावसात भिजून मदरबोर्ड गेला, तर ती फाइलही गेली. म्हणून मूळ पासवर्ड दुसऱ्या सुरक्षित जागी हवाच.

तर आज घरी गेल्यावर एकच काम करा. तुमच्या प्रोजेक्टमधली पासवर्डची फाइल उघडा आणि बघा, किल्ली पायपुसण्याखाली तर नाही ना? भेटू पुढच्या भागात!