नथीतला मोती आणि तळ्यातला मोती

आम्ही उल्हासनगर कॅम्प नंबर दोनमधल्या बचत गटाच्या बायका. आज मोत्याबद्दल बोलायचं आहे, कारण मोत्यापायी आमच्या गटात एकदा चांगलीच वादावादी झाली.

झालं असं, की एक गृहस्थ बैठकीला आले. म्हणाले, "प्रत्येकीने दहा हजार भरा. शिंपले आम्ही वाढवतो, मोती आम्हीच विकतो. सहा महिन्यांत पैसे दुप्पट." भाव मात्र त्यांनी नथीतल्या बसरा मोत्याचा सांगितला. आमच्या एक ताई घरी गेल्या आणि सासूबाईंची नथ घेऊन आल्या. "ही गहाण ठेवते आणि पैसे भरते." आम्ही म्हटलं, "ताई, आठ दिवस थांबा. आधी मोती काय असतो ते समजून घेऊ."

लहानपणी आपण सगळ्यांनी ऐकलंय, स्वाती नक्षत्राचा थेंब शिंपल्यात पडला की त्याचा मोती होतो. गोष्ट गोड आहे, पण खरं वेगळं आहे. शिंपल्यात एखादा बारीक जीव शिरतो किंवा आतल्या मऊ पडद्याला इजा होते. मग ज्या द्रव्याने शिंपला आपलं कवच आतून गुळगुळीत करतो, त्याचेच पातळ थर तो त्या जागेभोवती चढवत राहतो. त्या थरांवरून उजेड परततो, त्यालाच आपण मोत्याचं पाणी म्हणतो. असा आपोआप झालेला चांगला मोती शेकडो शिंपले उघडावे तेव्हा एखादा मिळतो.

बसरा मोती असाच. बहरीन, कुवेतकडचे पाणबुडे दम रोखून समुद्राच्या तळाशी जायचे आणि शिंपले वर आणायचे. तिथले मोती मुंबईच्या बाजारात यायचे. इथे ते निवडले जायचे, त्यांना भोकं पाडली जायची. पुढे १८९३ साली जपानमध्ये मिकिमोटो यांनी शिंपल्यात मुद्दाम कण घालून अर्धगोल मोती तयार केला. १९२०च्या सुमारास असे गोल मोती बाजारात आले आणि पुढच्या काही वर्षांत आखातातला धंदा बसला. म्हणजे नथीतला बसरा मोती वेगळा आणि वाढवलेला वेगळा. दोन्ही शिंपल्यातलेच, पण भाव एक नाही. काचेचा, प्लास्टिकचा तर तिसराच. दाताच्या कडेवर हलकेच घासून पाहा. शिंपल्यातला किंचित खरखरतो, नकली सहसा गुळगुळीत लागतो.

आता तळ्यातला मोती. तो होतो, हे खोटं नाही. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेने ते तंत्र बसवलंय, तिथे शिकवतातही. पण शिंपला जरासा उघडून आत कण बसवणं म्हणजे शस्त्रक्रियाच. काही शिंपले मरतात, काही तो कण बाहेर टाकतात. उरलेले जाळीच्या पिशव्यांत घालून तळ्यात टांगायचे आणि साधारण वर्ष-दीड वर्ष सांभाळायचे. पाणीही चांगलं लागतं. आमची वालधुनी नदी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आठ दिवसांनी ते गृहस्थ आले तेव्हा आम्ही विचारलं, "तळं कुठे आहे? दाखवाल का? शंभरातले किती शिंपले जगतात? मोती वाकडा निघाला तर तोटा कोणाचा? हे सगळं लिहून द्याल का? आणि सहा महिन्यांत मोत्यावर थर तरी किती चढतील?" ते म्हणाले, "विश्वास ठेवा." पुन्हा काही आले नाहीत.

ताई आमच्यावर महिनाभर रागावल्या होत्या. "संधी घालवलीत," म्हणाल्या. संधी होती की फसवणूक, हे आम्हीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण नथ त्यांच्या डबीत आहे आणि कर्जाचा हप्ता डोक्यावर नाही.

मैत्रिणींनो, तुमच्या गावात तळं असेल, पाणी चांगलं असेल, तर मोत्याची शेती जरूर शिका. आधी शिका, चालू तळं डोळ्यांनी पाहा, थोड्या शिंपल्यांवर करून बघा. गटाचा पैसा त्यानंतरच काढा. आणि डबीतली नथ डबीतच राहू द्या.