रामटेकला जा, पण गाडी खालीच ठेवा

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही, बसमध्ये नेटवर्क जातं, किंवा ज्यांना रस्ता नीट वाचून घ्यायचाय, त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी मजकूर. बोलले तसंच ठेवलंय, फक्त माझे 'म्हणजे' आणि 'अॅक्च्युअली' थोडे कमी केलेत.

आजचा विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. दर आठवड्याला कोणी ना कोणी लिहितं, "ताई, पुण्या-मुंबईच्या पोरांना सह्याद्री आहे. आपल्याला काय आहे? नागपुरात ट्रेक म्हणजे फुटाळ्याला चक्कर मारून भुट्टा खायचा का?"

भुट्टा खाच, त्याला माझी ना नाही. पण डोंगर नाही हे काही खरं नाही बाप्पा. नागपूरपासून साधारण पन्नास किलोमीटरवर रामटेक आहे. आता तुम्ही म्हणाल, रामटेक काय नवीन सांगून राहिली? लहानपणी आईबाबांसोबत गेलो, शाळेची सहल गेली, चुलत बहिणीच्या लग्नानंतर देवदर्शनाला गेलो. बरोबर. पण गेलो कसे? गाडीनं थेट वर. पार्किंग, रांग, दर्शन, वानरानं हिसकावलेलं प्रसादाचं पुडकं, कठड्यापाशी फोटो, परत गाडीत. टेकडीवर पाय असा टेकलाच नाही.

रविवारी गडमंदिरावर काय गर्दी असते तुम्हाला माहीत आहे. रामनवमीला आणि कार्तिकातल्या त्रिपुरी पौर्णिमेच्या यात्रेत तर विचारूच नका. मला त्या गर्दीचा राग नाही. लोक श्रद्धेनं येतात, दुकानदारांचं पोट त्यावर चालतं. पण मी इतक्या वेळा जाऊन एक गोष्ट पाहिली आहे: ही सगळी गर्दी रस्ता, पार्किंग आणि मंदिर एवढ्यातच असते. तिथून पंधरा मिनिटं बाजूला चाललं की पक्ष्यांचा आवाज ऐकू येतो. आजचा भाग त्या पंधरा मिनिटांच्या पलीकडच्या रामटेकबद्दल आहे.

सुरुवात अंबाळ्यापासून

डोंगराच्या कुशीत अंबाळा तलाव आहे. भोवती घाट, घाटांवर लहान-लहान देवळं. पूर्वजांची कार्यं करायला इथं लोक येतात, म्हणून आवाज जरा खालीच ठेवा, स्पीकर तर लावूच नका. गाडी खाली ठेवायची आणि इथून वर जाणाऱ्या जुन्या दगडी पायऱ्या धरायच्या. मोटारीचा रस्ता होण्याआधी यात्रेकरू असेच चढायचे. गावाच्या बाजूनंही पायऱ्या आहेत, त्यामुळे एकीकडून चढून दुसरीकडून उतरता येतं. माझ्या चालीनं, थांबत-थांबत, पाणी पीत, तासाभरात वर पोचायला होतं. कुठं दोर नाही, कडा नाही. पहिल्यांदाच चढणाऱ्यालाही जमेल असा रस्ता आहे.

चढताना पायाखाली बघा. नागपूर शहर दख्खनच्या काळ्या दगडाच्या पूर्वेकडच्या काठावर वसलंय. सेमिनरी हिल्सला दिसतो तो काळा बेसाल्ट. रामटेकचा दगड वेगळा आणि त्याच्याहून फार फार जुना. भूशास्त्रात त्याला सौसर गटाचे खडक म्हणतात. याच पट्ट्यात मॅंगनीज सापडतं, म्हणूनच शेजारी मनसरला खाण आहे. म्हणजे पन्नास किलोमीटरच्या प्रवासात तुम्ही पृथ्वीच्या इतिहासातली कोट्यवधी वर्षं मागं आलेले असता, तेही ईटीएस आणि जिऑलॉजीची परीक्षा न देता.

वाटेतली देवळं, ज्यांच्यासमोर कोणी थांबत नाही

वर बहुतेक लोक राम-लक्ष्मणाचं दर्शन घेऊन परत फिरतात. आजचं गडमंदिर भोसल्यांच्या काळात, अठराव्या शतकात उभं राहिलं. पण याच टेकडीवर त्याच्या कितीतरी आधीची, वाकाटकांच्या काळातली देवळं आहेत. म्हणजे साधारण पंधराशे वर्षांपूर्वीची. केवल नरसिंह, रुद्र नरसिंह, वराह, त्रिविक्रम. महाराष्ट्रात इतकी जुनी, दगड रचून बांधलेली आणि अजून उभी असलेली देवळं फार थोडी आहेत. लेण्या खूप आहेत, पण त्या खोदलेल्या.

वाकाटकांची एक राजधानी नंदिवर्धन, म्हणजे आजचं नगरधन. वरून दक्षिणेकडं मैदानात बघितलं की त्याच बाजूला ते आहे, तिथला भुईकोट किल्ला वेगळ्या दिवशी बघा. या घराण्यातली प्रभावतीगुप्ता ही गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. नवरा गेला, मुलं लहान, आणि हिनं राज्य सांभाळलं. तिचा एक ताम्रपट अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला सापडला, त्यात रामगिरीच्या देवाचा उल्लेख आहे. पाचव्या शतकात विदर्भावर राज्य करणारी बाई, आणि तिच्या काळातल्या देवळांसमोरून आपण चिप्सचं पाकीट फोडत निघून जातो. मला हे खरंच लागतं.

त्रिविक्रमाची मूर्ती तर उघड्यावरच आहे. देऊळ पडलं, मंडपाचे अवशेष उरले, आणि तो एक पाय उचललेला देव तिथं उभा आहे. मी तिथं जाते तेव्हा बहुतेक वेळा एकटीच असते. समोर झाडी, मागं दरी, वारा. हजार माणसं हाकेच्या अंतरावर आहेत यावर विश्वास बसत नाही.

आणि हो, कालिदास. 'मेघदूत'मधला यक्ष ज्या रामगिरीवर राहतो तो हाच, असं नागपूरचे संशोधक महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडलं. छत्तीसगडमधल्या सरगुज्याच्या रामगढ टेकडीचाही तसाच दावा आहे. मी काही त्या वादात न्यायाधीश नाही. पण आषाढाच्या सुरुवातीला कधी वर उभ्या राहा. मैदानावरून ढग येताना दिसतो, सावली शेतांवरून सरकत येते, आधी नगरधनची बाजू काळी होते आणि मग आपण. मिराशींचं म्हणणं तेव्हा फार पटतं.

कोणत्या महिन्यात काय

जुलै ते सप्टेंबर: सगळं हिरवं. पायऱ्या शेवाळलेल्या असतात, स्लीपर घालून येऊ नका. विजा कडाडत असतील तर टेकडीच्या माथ्यावर थांबू नका, सेल्फी राहू द्या.

ऑक्टोबर-नोव्हेंबर: हवा स्वच्छ, दूरचं दिसतं. खाली धान कापणीला आलेलं, बांध्यांचे पिवळे-हिरवे तुकडे. सीताफळं खायचे दिवस. फक्त यात्रेची तारीख बघून या.

डिसेंबर-जानेवारी: माझे आवडते. सकाळी खाली धुकं आणि तुम्ही त्याच्या वर. दर्शन झालं की खिंडसीला जा. हिवाळ्यात तलावावर परदेशी पाहुणे, म्हणजे पक्षी, उतरलेले असतात. बोटिंगच्या गलक्यापासून दूर काठावर शांत बसलं तर दुर्बिणीशिवायही भरपूर दिसतात.

फेब्रुवारी-मार्च: पळस. पानं गळलेली आणि झाड नुसतं केशरी पेटलेलं. पुढं मोहाचा वास.

एप्रिल, मे आणि पाऊस येईपर्यंतचा जून: हे मी जरा हळू सांगते, कारण हसण्यावारी न्यायचं नाही. आपल्याकडं पारा ४५ च्या वर जातो. दगडी पायऱ्या तापल्या की खालूनही भाजतं. या दिवसांत जायचंच असेल तर उजाडताच चढा आणि नऊच्या आत खाली या. माणशी दोन लिटर पाणी, डोक्याला दुपट्टा, सोबत ओआरएस. कोणाचं डोकं दुखायला लागलं, मळमळलं, तर 'अजून थोडंच राहिलं' म्हणून ओढत नेऊ नका. तो असंबद्ध बोलायला लागला, अंग तापलं, तर हा उष्माघात असू शकतो. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका.

मुलींनी विचारलेला प्रश्न

"ताई, एकटीनं जायला सेफ आहे का?" हा मेसेज मला मुलांकडून कधीच आला नाही, हे आधी सांगते. मी एकटी जाते, पण माझे नियम आहेत. उजेडातच जाते. शनिवार-रविवारी सकाळी, जेव्हा पायऱ्यांवर थोडी तरी ये-जा असते. घरी वाट आणि परत यायची वेळ सांगते. नवीन असाल तर दोघी-तिघी जा. आणि पायऱ्यांवर बसलेल्या विक्रेत्या बायकांशी बोला. मागच्या हिवाळ्यात बोरं विकणाऱ्या एका आजीनं मला विचारलं, "एकटीच का वो माय?" म्हटलं हो आजी. तर म्हणाली, "जाय मग, पण उतरताना मले तोंड दाखवून जाजो." उतरले तेव्हा ती सामान आवरून वाट बघत होती. तिच्याएवढी चांगली सुरक्षा व्यवस्था मला कुठल्या ॲपमध्ये सापडली नाही.

हे सांगावं की नाही?

खरं सांगू, हा भाग करायचा की नाही यावर मी बरेच दिवस अडकले होते. शांत जागा सांगितली की दोन महिन्यांनी तिथं रील, मग प्लास्टिक, मग बाटल्या. मग गप्प बसावं का?

मी उलट बाजूनं विचार केला. अंबाळ्याच्या पायऱ्यांवर आज चालणारी माणसं कमी आहेत. ज्या वाटेवर माणूस नसतो, तिथं झुडूप वाढतं, दारूच्या बाटल्या येतात, मुली जायला घाबरतात, आणि म्हणून अजून कमी माणसं येतात. वाट चालती राहिली तरच वाट राहते. गडमंदिराच्या पार्किंगमधली शंभरातली दहा माणसं जरी खालून चालत आली, तरी त्या आजीची बोरं खपतील आणि पायऱ्याही जित्या राहतील.

पण म्हणून सगळंच सांगणार नाही. पायऱ्या आणि रुळलेल्या वाटा सांगितल्या, जंगलात आत जाणाऱ्या पायवाटा सांगणार नाही. रामटेकच्या उत्तरेला मानसिंगदेव अभयारण्य आणि पेंच व्याघ्र प्रकल्प आहे. तिथं मनानं पायी शिरणं बेकायदा आहे आणि मूर्खपणाही. तिथलं जंगल वनविभागाच्या सफारीतूनच बघायचं. महाराष्ट्रातलं पेंच २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क ठरलं, म्हणजे रात्रीचा अंधार राखलेली जागा. तारे बघायला तिकडं जाण्याचा एक वेगळा भाग आपण करू.

शेवटचे तीन हट्ट. एक, वानरांना खायला देऊ नका. आपण दिलेल्या बिस्किटांमुळेच ते पिशवीचा आवाज आला की झेप घेतात, आणि मग लहान पोरांना ओरबाडतात. खाऊ बॅगेत, चेन बंद. दोन, खिंडसीत किंवा अंबाळ्यात पोहायला उतरू नका. काठ उथळ दिसतो, पुढं गाळ आणि खोली कळत नाही. तीन, नेलेलं परत आणा, आणि जमलं तर दुसऱ्याची एक बाटलीही उचला.

तर या रविवारी निघा. गाडीनं जा नाहीतर रेल्वेनं, रामटेकपर्यंत गाड्या आहेत, वेळ मात्र आदल्या दिवशी तपासा. दर्शन घ्या, गर्दीत रांग लावा, काही बिघडत नाही. फक्त चढताना पायऱ्यांनी चढा आणि त्रिविक्रमापाशी दहा मिनिटं फोन खिशात ठेवून बसा. काय दिसलं ते मला लिहून पाठवा, पुढच्या भागात वाचते. तोवर पाणी पीत राहा. भेटू!