बेकारीचा दाखला कोणी द्यायचा?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



वसई स्थानकाच्या पूर्वेस गोखिवरे, सातिवली, वालीव या भागांत जाणाऱ्याला उंच धुरांडे आणि सकाळचा भोंगा ही कारखान्याची जुनी कल्पना सोडून द्यावी लागते. तेथे कारखाना म्हणजे गाळा. एका गाळ्यात प्लॅस्टिकचे सुटे भाग बनतात, शेजारच्यात पुठ्ठ्याची खोकी, वरच्या मजल्यावर शिलाईची यंत्रे चालतात. मार्च २०२० च्या अखेरीस करोनाच्या साथीमुळे टाळेबंदी आली आणि या गाळ्यांचे दरवाजे बंद झाले. पण कामगाराच्या हाती ना बडतर्फीचे पत्र पडले, ना कपातीची नोटीस. ‘कळवू तेव्हा या’ एवढा तोंडी निरोप मिळाला. बेकारभत्त्याच्या प्रश्नाचे सारे मर्म या निरोपात आहे.

आपल्या देशात बेकारभत्ता नाहीच, असा सार्वत्रिक समज आहे. तो पूर्णतः खरा नाही. कर्मचारी राज्य विमा महामंडळाने १ जुलै २०१८ पासून ‘अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना’ सुरू केली होती. विमाधारक कामगार बेकार झाला तर त्याला सरासरी दैनिक वेतनाच्या २५ टक्के रक्कम जास्तीत जास्त ९० दिवस मिळावी, तीही आयुष्यात एकदाच, अशी ती योजना. महिना १२,००० रुपये वेतन धरले तर रोजचे १०० रुपये झाले. त्यासाठीही बेकारीचे ९० दिवस आधी काढावयाचे आणि अर्ज शेवटच्या मालकामार्फत करावयाचा! ज्याने कामावरून काढले त्याच्याच दारात, ‘मला काढले असे लिहून द्या’ म्हणून उभे राहावयाचे. ही अट ज्याने लिहिली त्याने आयुष्यात कधी नोकरी गमावली नसावी.

साथीने या अटींचे खरे स्वरूप उघडे पाडले. २० ऑगस्ट २०२० रोजी महामंडळाने नियम सैल केले. भत्ता ५० टक्के झाला, थांबण्याची मुदत ९० दिवसांवरून ३० दिवसांवर आली आणि कामगाराला थेट शाखा कार्यालयात अर्ज करण्याची मुभा मिळाली. २४ मार्च २०२० नंतर बेकार झालेल्यांना याचा लाभ देण्यात आला. तरीही मुद्रांक कागदावरचे प्रतिज्ञापत्र उरलेच होते. ज्याच्या घरात रेशन संपले आहे त्याने मुद्रांक विक्रेता आणि नोटरी शोधत फिरावयाचे! कागदपत्रे संगणकावरून पाठविणाऱ्यांना ही सक्ती नको, हे शहाणपण नोव्हेंबर २०२० मध्ये सुचले. म्हणजे पहिली झळ बसल्यावर तब्बल आठ महिन्यांनी.

सवलतींचे स्वागतच केले पाहिजे. परंतु त्या ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या होत्या आणि पुढे मुदतवाढीवर चालत राहिल्या. ज्या अटी संकटात अन्यायकारक ठरतात त्या एरवी न्याय्य कशा? गाळा साथीमुळे बंद पडला काय किंवा मालकाचे दिवाळे निघाले म्हणून बंद पडला काय, चुलीला दोन्ही सारखेच.

याहून बारीक खोच अंशदानाच्या हिशेबात होती. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे अंशदानाचे सहामाही कालखंड असतात. मूळ नियमात अशा चार कालखंडांपैकी प्रत्येकात ७८ दिवसांचे अंशदान आवश्यक होते. सवलतीनंतर बेकारीच्या लगेच आधीच्या एका कालखंडात आणि उरलेल्या तिहींपैकी कोणत्याही एकात ७८ दिवस भरले तरी चालणार होते. आता एखाद्या कामगाराला मालकाने सप्टेंबरपर्यंत ‘कळवू’ म्हणत ताटकळत ठेवले आणि नोव्हेंबर २०२० मध्ये काढले, असे समजा. त्याचा आधीचा कालखंड एप्रिल ते सप्टेंबर २०२० चा. त्यातील बराच काळ काम बंद, वेतन बंद, म्हणून अंशदानही बंद. ज्या आपत्तीसाठी भत्ता द्यावयाचा, तिनेच त्याची पात्रता खाऊन टाकली.

मालकाने लगेच का काढले नाही? केंद्रीय गृह मंत्रालयाने २९ मार्च २०२० रोजी टाळेबंदीच्या काळातील वेतन देण्याचा आदेश काढला होता. तो १८ मेपासून मागे घेण्यात आला. सर्वोच्च न्यायालयाने १२ जून रोजी मालक-कामगारांनी वाटाघाटी कराव्यात असे सुचविले. दहा-बारा माणसांच्या गाळ्यात वाटाघाटी कोणी कोणाशी करावयाच्या? लहान गाळामालकही भाड्याने आणि हप्त्यांनी पिचला होता, हे नाकारण्याचे कारण नाही. त्यामुळे त्याने वेतनही दिले नाही आणि काढल्याचे लिहूनही दिले नाही. कामगार कागदावर नोकरीत राहिला आणि घरात उपाशी.

वसई-विरारच्या आणखी एका वर्गाची अवस्था तर कोणत्याच रकान्यात बसत नव्हती. मुंबईतील दुकान किंवा कचेरी उघडली होती, जागाही रिकामी झाली नव्हती. पण लोकल नव्हती. १५ जून २०२० पासून गाड्या अत्यावश्यक सेवेतील लोकांसाठी धावू लागल्या. सर्वसामान्य प्रवाशाला १ फेब्रुवारी २०२१ पर्यंत वाट पाहावी लागली, आणि तेव्हाही वेळेच्या बंधनासह. विरार ते चर्चगेट साठ किलोमीटर. एस.टी. मिळेना म्हणून २२ जुलै २०२० रोजी नालासोपारा स्थानकात प्रवासी रुळांवर उतरले, ते याच कोंडीतून. कामावर पोहोचू न शकणारा माणूस ‘गैरहजर’ ठरतो. बेकार ठरत नाही.

येथे १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याकडे पाहिले पाहिजे. प्रा. बी. पी. आडारकर यांच्या १९४४ च्या अहवालातून आकारास आलेल्या या व्यवस्थेत आजार, प्रसूती आणि कामावरील अपघात यांना संरक्षण मिळाले. बेकारी बाहेर राहिली. ब्रिटनने काही उद्योगांपुरता बेकारी विमा १९११ मध्येच कायद्यात आणला होता. आपल्याकडे परिणाम असा झाला की, साथीत आजारी पडलेल्या विमाधारकाला वेतनाच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत, मिळू शकत होते. आणि साथ पसरू नये म्हणून ज्याचे काम समाजाने बंद केले त्याला प्रथम २५ टक्के, मग ५० टक्के. दुसऱ्याचा त्याग सर्वांच्या हितासाठी होता. त्याची किंमत मात्र त्याच्या एकट्याच्या खिशातून वसूल झाली.

आणि हे सारे विमाधारकांपुरते. कायद्यासाठी दहा कामगारांची संख्या लागत होती, २१,००० रुपयांची वेतनमर्यादा होती. नऊ माणसांचा गाळा, ठेकेदाराचा हंगामी कामगार, घरी शिलाई करणारी स्त्री यांच्यासाठी अर्जाचा नमुनाच नव्हता.

तेव्हा कार्यकर्त्यांनी गाळ्यागाळ्यांतून फिरताना आधी एक गोष्ट विचारावी : विमा क्रमांक आहे का? असल्यास अंशदानाचे दिवस कामगारासमक्ष तपासून घ्यावेत. वेतनातून कापलेली रक्कम भरलीच गेली नाही, असे आढळले तर तक्रार त्याच आठवड्यात नोंदवावी. हजेरीकार्ड, वेतनाची चिठ्ठी, बँकेचे पुस्तक यांच्या प्रती युनियनच्या कपाटात ठेवाव्यात. ‘कळवू तेव्हा या’ असा निरोप आला, तर त्याची तारीख त्याच दिवशी लिहून मालकाला नोंदणीसह स्पीड पोस्टाने पाठवावी. पोचपावती जपून ठेवावी.