वही तिची, सही दुसऱ्याची
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला माझ्याकडे चहा-फराळाचे काम असते. यंदा आपल्या चिटणीसबाईंनी हुकूम सोडला, "एका कर्तबगार स्त्रीविषयी दहा मिनिटे बोला." माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. आमच्या गावात शाळा तेवढीच होती आणि पुढे मुलीला तालुक्याला कोण पाठवणार? तेव्हा काही चूकभूल झाली तर सांभाळून घ्यावे.

जिजाबाई, अहिल्याबाई, सावित्रीबाई यांच्याविषयी माझ्याहून चांगले बोलणाऱ्या इथे पुष्कळ आहेत. मी निवडलेली बाई जर्मनीतली आणि तिचा विषय गणित. नाव एमी नोएथर. माझी मुलगी बी.एस्सी.ला गणित शिकते. तिच्या पुस्तकांत हे नाव सारखे येते. "आई, नोएथर ही बाई होती हे मला दोन वर्षांनी कळले!" असे ती म्हणाली, तेव्हा मला कुतूहल वाटले. चार संध्याकाळी तिने वाचून सांगितले. मी भाजी निवडता निवडता ऐकले आणि वहीत टिपून ठेवले.

एमीचा जन्म २३ मार्च १८८२ रोजी एर्लांगेन गावी एका ज्यू कुटुंबात झाला. वडील मॅक्स नोएथर तिथल्याच विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक. तिच्या पाठीवर तीन भाऊ. १९०० साली ती इंग्रजी-फ्रेंच शिकवण्याची परीक्षा पास झाली. मुलींच्या शाळेत सुखाची नोकरी मिळाली असती. पण हिच्या मनाने घेतले गणित! विद्यापीठात बायकांना रीतसर प्रवेश नव्हता. प्रत्येक प्राध्यापकाची परवानगी काढून वर्गात नुसते ऐकत बसायचे. त्या वेळी तिथे विद्यार्थी ९८६ आणि बाया फक्त दोन.

१९०४ साली दार उघडले, तिने नाव घातले, आणि १९०७ साली पॉल गोर्डान यांच्या हाताखाली पहिल्या प्रतीची डॉक्टरेट मिळवली. पण नोकरी? १९०८ पासून सात वर्षे ती एर्लांगेनलाच शिकवीत राहिली. वडिलांची प्रकृती बरी नसली की त्यांचे तासही घेई. पगार काही नाही.

१९१५ साली ग्यॉटिंगेन विद्यापीठातले डेव्हिड हिल्बर्ट आणि फेलिक्स क्लाइन या दोन थोर गणितज्ञांनी तिला आपणहून बोलावून घेतले. तिला स्वतःच्या नावाने शिकवण्याचा परवाना मिळावा म्हणून खटपट केली. इतर विषयांचे काही प्राध्यापक आडवे आले. लढाईवरून परतलेल्या सैनिकांनी बाईच्या पायाशी बसून शिकायचे काय, असा त्यांचा सवाल. त्यावर हिल्बर्ट म्हणाले असे सांगतात, की हे विद्यापीठ आहे, स्नानगृह नव्हे! परवाना तरीही मिळाला नाही. मग तोड निघाली ती अशी: जाहीर व्हायचे हिल्बर्ट यांचे व्याख्यान, आणि फळ्यापुढे उभी राहायची एमी.

मैत्रिणींनो, इथे माझा भाजीचा हात थांबला. आमचे किराणा दुकान आहे. वीस वर्षे त्याच्या वह्या मी लिहिते, सही ह्यांची. कराचे काम पाहणारे गृहस्थ वर्षातून एकदा येतात, पाने चाळतात, "शेठ, वह्या काय सुरेख ठेवता!" म्हणतात. मी त्यांना चहा देते. मी ते कधी मनाला लावून घेतले नव्हते.

तर याच दिवसांत, १९१८ साली, एमीने जो सिद्धान्त मांडला तो आज जगभर तिच्या नावाने शिकवतात. तिथल्या विद्वानांच्या सभेची ती सदस्य नव्हती, म्हणून तो निबंध सभेपुढे क्लाइन यांनी ठेवला. माझ्या मुलीने तो मला ताटावर समजावला. गोल ताट कितीही फिरवा, तसेच दिसते. बदल करूनही जे तसेच राहते, त्याला सममिती म्हणतात. सृष्टीच्या नियमांनाही अशी सममिती आहे. कालचा नियम आजही तोच. एका दिशेला जो नियम, तोच दुसऱ्या दिशेला. एमीने सिद्ध केले, की जिथे अशी अखंड सममिती आहे तिथे एक शिल्लक कायम राहते. नियम काल आणि आज एकच, म्हणून ऊर्जा नाहीशी होत नाही. नियम सर्व दिशांना सारखा, म्हणून भोवऱ्याची फिरकी हवेत विरून जात नाही. तो थांबतो तेव्हा ती जमिनीकडे, वाऱ्याकडे गेलेली असते. ऊर्जा कायम राहते हे आधी ठाऊक होते. ती का कायम राहते, त्याचे मूळ तिने दाखवले. मला वहीवालीला हे चटकन पटले. एका खात्यातून गेले, ते दुसऱ्या खात्यात दिसलेच पाहिजे!

१९१९ साली अखेर परवाना मिळाला. १९२२ साली प्राध्यापक ही पदवी मिळाली, पण बिनपगारी. थोडासा मोबदला सुरू झाला १९२३ साली, म्हणजे वयाची चाळिशी उलटल्यावर. तोवर बीजगणितात तिने दृष्टीच बदलून टाकली होती. लांबलचक आकडेमोड करीत बसण्यापेक्षा ती ज्या नियमांवर चालते त्या नियमांचाच विचार करावा, हा तिचा मार्ग. देशोदेशीचे तरुण तिच्याकडे शिकायला येत. आपल्या कल्पना ती त्यांना हातचे न राखता देई. १९३२ साली झ्यूरिचच्या जागतिक गणित परिषदेत मुख्य व्याख्यान देणारी ती पहिली स्त्री ठरली.

पुढच्याच वर्षी हिटलरचे राज्य आले आणि ज्यू म्हणून तिला विद्यापीठातून काढले. तिने घरी मुले जमवून शिकवणे चालू ठेवले. त्या वाईट काळात तिचा शांतपणा आणि धीर पाहून आम्हालाच आधार वाटे, असे तिचे सहकारी हेरमान वाइल यांनी पुढे सांगितले. १९३३ सालीच ती अमेरिकेत ब्रिन मॉर या स्त्रियांच्या महाविद्यालयात गेली. तिथे मान मिळाला, विद्यार्थिनी मिळाल्या. पण आयुष्य उरले नव्हते. शस्त्रक्रियेनंतर १४ एप्रिल १९३५ रोजी, ५३ व्या वर्षी ती गेली. आइन्स्टाइन यांनी वृत्तपत्राला पत्र लिहिले, की स्त्रियांना उच्च शिक्षण मिळू लागल्यापासून इतकी मोठी गणिती प्रतिभा झाली नव्हती. तिच्या अस्थी त्याच महाविद्यालयाच्या आवारात आहेत.

आता आपण म्हणू, "किती निःस्वार्थी बाई! पगाराविना राबली." मलाही आधी तेच वाटले. पण निःस्वार्थीपणा हा तिचा गुण, आणि त्याचा फायदा घेणे हा विद्यापीठाचा दोष. या दोन रकमा वेगवेगळ्या खात्यांत लिहायच्या. एकीच्या कौतुकात दुसरी बुडवायची नाही. एमीला घरचा आधार होता, म्हणून पंधरा वर्षे निभावली. ज्यांना तो नव्हता, त्या किती जणी दारातूनच परत गेल्या असतील! त्यांची नावे कोणत्या पुस्तकात शोधायची?

त्या रात्री मी दुकानाच्या वहीच्या शेवटच्या पानावर "लिहिणार" असे लिहून खाली माझे नाव घातले. ह्यांनी सकाळी पाहिले, हसले, वही मिटून ठेवली. खोडले मात्र नाही.

आपल्या मंडळाला माझी एकच विनंती आहे. दिवाळीत फराळाची विक्री होते, आणि अहवालात छापतात, "मंडळाने फराळ विकला." कढईपुढे आठ आठ दिवस उभ्या राहिलेल्या बायकांची नावेही यंदा या स्मरणिकेत छापावीत, आणि पुढच्या वर्षीपासून त्यांची मजुरी जमाखर्चात धरावी. हिशेब मी लिहून देईन. सहीही मीच करीन.

आता चहाला चला; आज तो दुसऱ्या कोणी केला आहे!