काळं पाणी कुणाचं?

(महाल, नागपूर इथं केलेल्या भाषणाचा मजकूर)



या महालात भोसल्यांची वंशावळ तोंडपाठ असणारी माणसं आहेत. माझी वंशावळ मात्र आजीच्या एका वाक्यावर तुटते : 'माह्या आज्याले सायबानं काया पान्याले नेलं.' पुढं ती गप्प. कारण म्हातारा क्रांतिकारक नव्हता. दुष्काळात सावकाराचं कोठार फोडलं म्हणून गेला. घरानं त्याचं नाव घेणंच सोडलं.

काळं पाणी म्हटलं की आपल्याला सावरकर आठवतात. ते १९११ ला गेले, १९२१ ला परतले. पण अंदमानात कैद्यांची वसाहत सुरू झाली १८५८ ला. सेल्युलर जेल उभं राहिलं १८९६ ते १९०६ मध्ये, तेही कैद्यांच्याच हातांनी. त्याआधी चाळीस वर्षं जंगल कुणी तोडलं? दलदल कुणी बुजवली? जेलच्या मनोऱ्यात राजकीय कैद्यांची नावं कोरलीत. बाकीच्या हजारोंचं काय?

सरकारचा हिशेब होता : समुद्र ओलांडला की जात जाते, म्हणून माणूस फाशीइतकाच याला भिईल. अरे, ज्याला जातीनं गावाबाहेर ठेवलं, तो जात जाण्याला का भिईल? तिथं सुटलेल्या कैद्यांनी जातीबाहेर लग्नं केली. त्यांचे वंशज आजही स्वतःला 'लोकल बॉर्न' म्हणवतात. पण कैद्यांच्या यादीत सायबानं जातीचा रकाना ठेवलाच. नाव, बापाचं नाव, जात, अंगावरच्या खुणा. ज्या रकान्यानं म्हाताऱ्याला डागलं, तोच आज मला त्याच्यापर्यंत नेणार आहे. ही थट्टाच म्हणायची.

तेव्हा कामाला लागा. घरातल्या म्हाताऱ्यांना आजच विचारा : नाव काय, बापाचं नाव काय, गाव कोणतं, कोणत्या दुष्काळातली गोष्ट? उद्या ती माणसं नसतील. मग सेशन्स कोर्टाचे जुने निकाल शोधा. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात गृहखात्याचे पोर्ट ब्लेअरचे कागद आहेत, ते चाळा. कारकून हसेल. हसू द्या.

मला म्हातारा अजून सापडलेला नाही. सापडला तर त्याला हुतात्मा करणार नाही. तो चोर होता असं निघालं, तर चोर लिहीन. आणि कोठार कुणाचं होतं, भुका कोण होतं, तेही लिहीन.

काळ्या पाण्याची शिक्षा १९५६ पासून कायद्यातून गेली. आपल्या घरातली लाज अजून गेली नाही. ती आपणच घालवायची.