धन्याच्या फुलोऱ्यातील छदकमंडल

अंधेरी स्थानकाबाहेरच्या बाजारात येणाऱ्या कोथिंबिरीच्या जुड्या फुलोरा धरण्यापूर्वीच उपटलेल्या असल्याने, ती रोज निवडणाऱ्या घरांतही तिचे फूल सहसा कोणी पाहिलेले नसते. मात्र गॅलरीतील कुंडीत धने रगडून पेरले आणि रोप जून होऊ दिले, तर दांडा वर येऊन त्यावर पांढऱ्या-गुलाबी फुलांचे तुरे धरतात व वनस्पतिशास्त्रातील ‘छदकमंडल’ प्रत्यक्ष पाहावयास मिळते.

फूल किंवा फुलोरा ज्याच्या बगलेतून निघतो, त्या पानासारख्या उपांगास ‘छद’ म्हणतात. ‘छदक’ म्हणजे लहान छद. धन्याचा फुलोरा ‘संयुक्त चामरकल्प’ असतो, म्हणजे दांड्याच्या टोकाशी एकाच ठिकाणाहून छत्रीच्या काड्यांप्रमाणे देठ फुटतात आणि प्रत्येक देठाच्या टोकाशी पुन्हा तसाच लहान चामर असतो. मोठ्या चामराच्या तळाशी छदांचे जे कडे असते ते छदमंडल, आणि लहान चामराखालचे ते छदकमंडल. धन्यात पहिले बहुधा नसतेच. दुसरे असते, पण तेही अपुरे, कारण रेषेसारखी अरुंद अशी बहुधा तीनच छदके असतात आणि तीही बाहेरच्या बाजूला एकवटलेली. काठावरील फुलांच्या बाहेरच्या पाकळ्याही आतल्यांहून मोठ्या असतात, हे तेथेच दिसते.

धन्याचे कुळ ओळखण्यास असा फुलोरा पुरतो. जाती वेगळ्या करताना मात्र ही क्षुल्लक वाटणारी छदके फार उपयोगी पडतात. जिऱ्याची छदके लांब असतात, गाजराच्या छदमंडलातील छदे खोलवर विभागलेली असतात, तर बडीशेप आणि शेपू यांच्यात सहसा दोन्ही मंडले नसतात. युरोपातील एथुसा ही विषारी वनस्पती पार्सलीसारखी दिसते, पण तिच्या लहान चामरांखाली बाहेरच्या बाजूस लांब छदके लोंबत असतात आणि त्यांवरून ती ओळखू येते. थिओडोर कुक यांनी 1901 ते 1908 या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याच प्रकारच्या वर्णनात्मक ग्रंथांत या कुळाच्या जातींची छदे आणि छदके आवर्जून नोंदलेली असतात.

मुंबईच्या विद्यार्थ्याने छदकमंडल केवळ पुस्तकातील आकृतीवरून पाठ करावे, हे खरोखर अनावश्यक आहे. हिवाळ्याच्या प्रारंभी मूठभर धने पेरावेत, आणि तुरा आल्यावर तो उलटा धरून पाहावा, कारण छदके वरून दिसत नाहीत.