मिरामारेचा राजवाडा

इटलींतील त्रिएस्त बंदराजवळ एका खडकाळ भूशिरावर मिरामारेचा शुभ्र राजवाडा उभा आहे. त्रिएस्त ऑस्ट्रियाच्या साम्राज्यांत असतांना, १८५६ सालीं, सम्राटाचा धाकटा भाऊ मॅक्सिमिलियन यानें त्याचें काम आरंभिलें. वास्तुविशारद होता कार्ल युंकर. मॅक्सिमिलियन आरमाराचा सेनापति. घरांतही समुद्राचा सहवास सुटूं नये म्हणून त्यानें आपली अभ्यासिका ‘नोव्हारा’ या युद्धनौकेवरील दालनासारखी, ठेंगण्या छताची करविली.

वरचा मजला अपुरा असतांनाच, १० एप्रिल १८६४ रोजीं, याच वाड्यांत त्यानें मेक्सिकोचें सम्राटपद स्वीकारिलें. खऱ्या ‘नोव्हारा’नें त्याला व पत्नी शार्लोटला तिकडे नेलें. फ्रेंच सैन्याच्या बळावर उभें असलेलें तें सिंहासन, सैन्य माघारी जातांच, कोसळलें. साह्य मागण्यास १८६६ सालीं युरोपांत आलेल्या शार्लोटला वेड लागलें. १९ जून १८६७ रोजीं केरेतारो येथें मॅक्सिमिलियनला गोळ्या घालण्यांत आल्या. त्याचें शव घेऊन परतली तीही ‘नोव्हारा’च.

आज राजवाड्यांत संग्रहालय आहे. ती अभ्यासिका पाहणाऱ्यास एवढें उमगतें, कीं मनाजोगें घर लाभलेल्या मनुष्यास परक्या देशाचा मुकुट नडला.